घरच्या बेदाण्याचा व शेंगदाण्याचा बिनसाखरी केक

द्राक्षांचा हंगाम माघ-फाल्गुनांत भरास आला म्हणजे नाशिक जिल्ह्यांतील बागाईतदाराचें सर्व लक्ष निर्यातीच्या मालाकडे लागतें, आणि तें साहजिकच आहे. मण्याचा आकार, रंग, गोडी व औषधांचे अवशेष या चारही कसोट्यांस उतरलेला घड परदेशीं जातो; त्याखालचा माल देशांतील बाजारांत जातो; आणि घडांतून सुटलेले मणी, विरळ घड व अवकाळी पावसानें भाव गेलेला माल यांचें काय करावें हा प्रश्न दरवर्षीं मागें उरतो. २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदीमुळें बाजार व वाहतूक एकाएकीं थांबली, तेव्हां जिल्ह्यांतील पुष्कळ बागाईतदारांनीं तयार माल वेलीवर सडूं नये म्हणून त्याचा बेदाणा केला, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. संकटाच्या वेळीं जें करावें लागलें, तें थोड्या प्रमाणावर दरसाल घरासाठीं कां करूं नये, असा विचार त्यावरून सहज सुचतो.

दुसरा प्रश्न घरांतील आहे. मुलांच्या वाढदिवसास केक पाहिजे, ही रीत आतां खेड्यांतही रूढ झाली आहे. एकलहरे येथें १९७० सालीं वीजनिर्मिती केंद्र सुरू झालें, नाशिकरोडची वस्ती वाढत वाढत शेताच्या बांधाला येऊन भिडली, आणि बेकरीचा माल घराच्या दारांत आला. या मालांत मुख्यत्वें मैदा, साखर व घट्ट केलेलें वनस्पति तेल असतें. ज्याच्या शेतांत गहूं आहे, भुईमूग आहे, द्राक्षें आहेत, त्यानें ते विकून त्याच पैशानें मैदा व साखर यांचा गोळा विकत आणावा, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. म्हणून आपल्याच मालापासून, साखर न घालतां, फळांच्या गोडीवर सकस केक कसा करावा, याचें विवेचन या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

आरंभींच एक खुलासा केला पाहिजे. आमच्या वाचकांत ऊस पिकविणारे पुष्कळ आहेत. जवळच पळसे येथें सहकारी साखर कारखाना उभारला गेला तो त्यांच्याच भांडवलावर. साखरेविरुद्ध हाकाटी करण्याचा आमचा हेतु नाहीं. साखर हा पदार्थ विषारी नव्हे. परंतु तो अत्यंत शुद्ध केलेला असल्यामुळें त्यांत गोडीवांचून दुसरें कांहीं उरत नाहीं, आणि तो नकळत फार खाल्ला जातो, एवढेंच आमचें म्हणणें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असा सल्ला दिला कीं, पदार्थांत वरून घातलेली व रसांतील मोकळी साखर एकूण आहाराच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावी, आणि विसाव्या हिश्शाहून कमी ठेवल्यास अधिकच बरें. हा विसावा हिस्सा म्हणजे प्रौढ माणसास दिवसाकाठीं सुमारें २५ ग्रॅम, म्हणजे सहा लहान चमचे होय. दोन-तीन कप गोड चहांतच तो संपतो.

केकांत साखर कोणतें काम करिते

साखर काढून टाकावयाची तर ती केकांत काय काय करीत होती, हें अगोदर समजून घेतलें पाहिजे. नाहीं तर केकाऐवजीं वीट हातीं येते. साखर गोडी देते हें उघड आहे. परंतु त्याखेरीज ती चार कामें करिते. पहिलें, ती पाणी धरून ठेवते व केक लवकर सुकूं देत नाहीं. दुसरें, गव्हाच्या पिठांतील चिकट प्रथिनास लागणारें पाणी ती आपल्याकडे ओढून घेते, त्यामुळें केक चिवट न होतां मऊ होतो. तिसरें, तूप व साखर फेसतांना साखरेच्या कणांमुळें तुपांत हवा कोंडली जाते व केक हलका होतो. चौथें, उष्णतेनें ती तांबूस होऊन वरच्या कवचास रंग व वास देते.

यांपैकीं गोडी, ओलावा, मऊपणा व रंग हीं कामें बेदाणा, खजूर व पिकलें केळें हीं फळें उत्तम करितात. हवा कोंडण्याचें काम मात्र तीं करूं शकत नाहींत. तें काम अंड्यावर अथवा सोड्यावर सोपवावें लागतें. सोडा म्हणजे खाण्याचा सोडा. तो आंबट पदार्थाशीं मिळाला म्हणजे त्यांतून वायु निघतो व पीठ फुगतें. येथें द्राक्षाचा एक जुना उपयोग सांगण्याजोगा आहे. द्राक्षांत जें आम्ल मुख्य असतें तेंच चिंचेंतही असतें, व त्यास टार्टारिक आम्ल म्हणतात. द्राक्षरसाची वाईन करितांना पिंपाच्या कडांस जो क्षार बसतो, तोच शुद्ध करून पूर्वी सोड्याबरोबर बेकिंग पावडरींत घालीत असत. म्हणजे केक फुगविण्याचें एक साधन मूळ द्राक्षापासूनच आलेलें आहे.

फळांतील साखर भट्टींत लवकर तांबूस होते, हेंही ध्यानांत ठेवावें. साखरेचा केक १८० अंशांवर भाजतात. फळांचा केक १६० अंशांवर, परंतु अधिक वेळ भाजावा. नाहीं तर वरून करपतो व आंत कच्चा राहतो.

बेदाणा घरीं करणें

बेदाण्याचा मोठा धंदा सांगली, तासगांव, सोलापूर या कोरड्या भागांत चालतो; तासगांवचा बाजार त्यासाठीं प्रसिद्ध आहे. नाशिकच्या बागाईतदारानें तेवढा व्याप करावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु घरापुरता वीस-पंचवीस किलो माल वाळविणें कोणासही कठीण नाहीं.

चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा कां होतो, याचा हिशेब सोपा आहे. चांगल्या पिकलेल्या थॉमसन अथवा तास-ए-गणेश जातीच्या द्राक्षांत शेंकडा २० ते २२ भाग घन अंश असतो, बाकी पाणी. बेदाण्यांत शेंकडा १५ च्या आसपास पाणी ठेवावयाचें असतें. म्हणजे १०० किलो द्राक्षांतील २१ किलो घन अंशापासून सुमारें २५ किलो बेदाणा निघतो. कच्चा, आंबट माल वाळविल्यास उतारा कमी पडतो व बेदाणा सुरकुतून कडक होतो. म्हणून गोडी पुरी भरल्यावांचून माल वाळवूं नये.

द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा पातळ लेप असतो. तो पाणी बाहेर पडूं देत नाहीं. व्यापारी पद्धतींत एक लिटर पाण्यांत २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट व १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल मिसळून त्या द्रावणांत घड दोन ते चार मिनिटें बुडवितात. त्यानें लेप सैल होतो व सावलींतील जाळीवर माल साधारणपणें दोन-अडीच आठवड्यांत वाळतो. पिंवळसर हिरवा रंग टिकविण्यासाठीं कोणी गंधकाची धुरी देतात. घरच्या वापरास रंगाचें महत्त्व नाहीं. शिवाय दमेकऱ्यांस गंधकाचा त्रास होण्याचा संभव असतो. म्हणून घरच्या बेदाण्यास धुरी देऊं नये. तो तपकिरी होतो, पण केकास तोच चांगला.

दोन खबरदाऱ्या अवश्य घ्याव्या. शेवटच्या फवारणीनंतर त्या औषधाच्या डब्यावर जितके दिवस थांबण्यास सांगितलें असेल तितके दिवस पुरे झाल्यावांचून मणी तोडूं नयेत. वाळतांना पाणी जातें, पण औषधाचा अंश मागें राहून उलट दाट होऊं शकतो. दुसरी, माल उघड्यावर पसरूं नये. एकलहऱ्याच्या परिसरांत रस्त्याची धूळ व कोळशाची राख यांचा उपद्रव असतो, आणि फाल्गुन-चैत्रांत अवकाळी सर केव्हां येईल याचा नेम नाहीं. पत्र्याच्या अगर ताडपत्रीच्या छपराखालीं, चारही बाजूंनीं वारा खेळेल अशा जागीं, वर मलमलीचें कापड घालून माल वाळवावा. वापरण्यापूर्वी बेदाणा कोमट पाण्यानें दोन वेळां धुवावा.

गहूं व दाणे

केकास पीठ मऊ पाहिजे. बन्सी गहूं कठीण असतो व त्याचा रवा चांगला होतो. केकास तो तितका सोयीचा नाहीं. निफाडच्या कृषि संशोधन केंद्रांतून निघालेल्या जातींपैकीं 'गोदावरी' ही बन्सी वर्गांतील आहे, तर 'त्र्यंबक' व 'तपोवन' या सरबती वर्गांतील आहेत. केकासाठीं सरबती वर्गांतील गहूं किंवा घरोघर असलेला लोकवन घ्यावा. तो बारीक दळून मैद्याच्या चाळणीनें एकदां चाळावा. वर राहिलेला जाड कोंडा गुरांना घालावा. बारीक कोंडा पिठांत राहूं द्यावा, कारण आंतड्यांस उपयोगी असा चोथा त्यांतच असतो.

भुईमुगाच्या दाण्यांत साधारणपणें चौथा हिस्सा प्रथिनें व जवळजवळ अर्धा हिस्सा तेल असतें. बदाम-अक्रोडांचें कौतुक करितांना आपण या घरच्या मेव्याकडे दुर्लक्ष करितों. मात्र दाणे निवडण्यांत हयगय करूं नये. ओलसर जागीं ठेवलेल्या शेंगांस एक प्रकारची बुरशी लागते व तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष तयार होतें. हें विष यकृतास फार अपायकारक असून त्यापासून कर्करोग होतो असें सिद्ध झालेलें आहे. भाजल्यानें तें पुरतें नाहींसें होत नाहीं. म्हणून सुरकुतलेला, काळपट, बुरशी धरलेला अगर कडवट लागणारा दाणा निवडून फेकून द्यावा. तो गुरांनाही घालूं नये. विकण्यास न चालणारे दाणे घरीं खपवावे ही संवय या बाबतींत अत्यंत घातक आहे.

प्रमाण

पुढील प्रमाणांत सुमारें एक किलो वजनाचा केक होतो.

गव्हाचें चाळलेलें पीठ २०० ग्रॅम
बेदाणा १०० ग्रॅम
बी काढलेला मऊ खजूर १०० ग्रॅम
सालीवर काळे ठिपके आलेलीं पिकलीं केळीं, सोलून २०० ग्रॅम
भाजून सोललेले शेंगदाणे १०० ग्रॅम
अक्रोड अथवा काजू ५० ग्रॅम
साजूक तूप किंवा घाण्याचें शेंगदाणा तेल ८० ग्रॅम
अंडीं २
गरम पाणी अथवा दूध १५० मिलिलिटर
बेकिंग पावडर १ लहान चमचा, खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा
लिंबाचा रस १ लहान चमचा
वेलदोडे व जायफळ यांची पूड १ लहान चमचा, मीठ चिमूटभर

ज्यांच्या घरीं अंडें चालत नाहीं त्यांनीं त्याऐवजीं १०० ग्रॅम घट्ट दहीं आणि तीन मोठे चमचे पाण्यांत भिजविलेली एक मोठा चमचा जवसाची पूड घ्यावी. दह्यांत आंबटपणा असल्यामुळें मग लिंबू घालण्याचें कारण नाहीं. हा केक किंचित् कमी फुगतो, पण चवींत उणा पडत नाहीं.

कृति

खजूर व अर्धा बेदाणा गरम पाण्यांत एक तास भिजत घालावा व त्याच पाण्यासह बारीक वाटावा. उरलेला अर्धा बेदाणा वाटूं नये, तसाच ठेवावा. यांत चवीखेरीज दुसरेंही कारण आहे. फळ बारीक वाटलें म्हणजे त्याच्या पेशी फुटून आंतली साखर मोकळी होते व ती रक्तांत लवकर उतरते. इंग्लंडांतील आरोग्यखातें तर वाटलेल्या फळांतील साखर ही मोकळ्या साखरेंतच धरतें. म्हणून जितकें फळ अखंड ठेवतां येईल तितकें ठेवावें.

शेंगदाण्यांचा तीन-चतुर्थांश भाग भरड कुटावा, उरलेल्यांच्या पाकळ्या कराव्या. फार कुटल्यास तेल सुटून गोळा होतो; म्हणून कुटतांना एक चमचा पीठ त्यांत घालावें. केळीं कुसकरून घ्यावीं. एका पातेल्यांत तूप, खजुराचा वाटलेला गर, केळीं व लिंबाचा रस एकत्र घोटावीं. अंडीं निराळीं चांगलीं फेसून त्यांत मिळवावीं. पीठ, बेकिंग पावडर, सोडा, मीठ व मसाला दोन वेळां एकत्र चाळून त्यावर घालावा. शेवटीं अखंड बेदाणा व दाणे थोड्या कोरड्या पिठांत घोळून टाकावे. तसे केल्यानें ते तळाशीं बसत नाहींत. पीठ दिसेनासें होईपर्यंतच हलक्या हातानें ढवळावें. कणकेसारखें मळल्यास केक चिवट होतो.

सोडा ओला झाल्याबरोबर वायु सुटूं लागतो. म्हणून मिश्रण झाल्यावर वेळ दवडूं नये. २० सेंटिमीटर व्यासाच्या, ७ सेंटिमीटर उंच डब्यास तूप चोपडून वर पीठ भुरभुरावें व त्यांत मिश्रण ओतून लागलीच भाजावयास ठेवावें. विजेची भट्टी असल्यास ती अगोदर १६० अंशांपर्यंत तापवावी व ५० ते ६० मिनिटें केक भाजावा. मध्यभागीं स्वच्छ सुई खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली म्हणजे केक झाला. मात्र सुईस बेदाण्याचा चिकटा लागल्यास तो कच्चेपणा समजूं नये. दुसऱ्या जागीं टोंचून पाहावें.

भट्टी नसली तरी अडत नाहीं. खालीं-वर विस्तव ठेवून भाजण्याची युक्ति आपल्याकडे नवी नाहीं. कोंकणांत तांदुळाचा रवा, काकडी व गूळ यांचें धोंडस पातेल्याच्या झांकणावर निखारे ठेवूनच करीत आले आहेत. आतां गॅसच्या चुलीवर करावयाचें तर जाड बुडाच्या पातेल्यांत दोन बोटें वाळू पसरावी, वर एक तिवई ठेवावी, घट्ट झांकण घालून १५ मिनिटें तापवावें. मग डबा तिवईवर ठेवून मंद आंचेवर सुमारें ६० ते ७० मिनिटें भाजावें. पहिली ४० मिनिटें झांकण उघडूं नये. थंड हवा शिरल्यास फुगलेला केक मध्यें बसतो.

भाजून झाल्यावर केक दहा मिनिटांनीं डब्यांतून काढावा, व पूर्ण निवाल्याखेरीज कापूं नये. दुसऱ्या दिवशीं फळांचा ओलावा सर्वत्र सारखा पसरून तो अधिक रुचकर लागतो.

किती खावा व किती दिवस ठेवावा

बिनसाखरी म्हणजे साखररहित, असा समज मात्र कोणी करून घेऊं नये. १०० ग्रॅम बेदाण्यांत ६० ग्रॅमांहून अधिक, तितक्याच खजुरांत सुमारें ६५ ग्रॅम, आणि २०० ग्रॅम केळ्यांत सुमारें २४ ग्रॅम साखर निसर्गतःच असते. म्हणजे एक किलो केकांत दीडशें ग्रॅम साखर आलीच. पीठ, साखर, लोणी व अंडीं समभाग घेऊन केलेल्या रूढ केकांत किलोमागें अडीचशें ग्रॅम असते. तेव्हां येथें साखर कमी आहे, शिवाय तिच्याबरोबर चोथा, प्रथिनें व क्षार येतात, हा लाभ खरा. परंतु एका मोठ्या तुकड्याऐवजीं चार तुकडे खाल्ले तर तो लाभ उरत नाहीं. केकाचे वीस तुकडे करावे. दर तुकड्यांत साधारण साडेसात ग्रॅम साखर येते. मधुमेहाच्या रोग्यानें केकावर 'साखर नाहीं' असें ऐकून निर्धास्त होऊं नये; आपल्या वैद्याच्या सल्ल्यानें, आणि पोळी-भात तितका कमी करून, एखादा तुकडाच घ्यावा. साखरेऐवजीं गूळ घातला म्हणजे मधुमेह्यास चालतें, हीही समजूत चुकीची आहे. गुळांतही मुख्य अंश त्याच उसाच्या साखरेचा असतो.

पांच वर्षांखालील मुलांसाठीं दाणे सर्वच्या सर्व बारीक कुटून घालावे. अखंड दाणा श्वासनलिकेंत अडकण्याचें भय असतें. कोणास शेंगदाणा सोसत नाहीं, अंगावर गांधी उठतात किंवा दम लागतो. अशांस हा केक मुळींच देऊं नये, आणि पाहुण्यांस देण्यापूर्वी त्यांत दाणे आहेत असें सांगावें.

साखर ही पदार्थ टिकविणारीही आहे. ती कमी म्हणून हा ओला केक लवकर बुरसतो. चैत्रांतील उष्म्यांत तो स्वच्छ फडक्यांत गुंडाळून दोन दिवस, आणि शीतकपाटांत सुमारें आठवडाभर ठेवावा. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच भाग कापून बाकीचा खाऊं नये, सर्वच टाकावा.

आतां हिशेब पाहावा. एका केकास १०० ग्रॅम बेदाणा लागतो, म्हणजे ४०० ग्रॅम द्राक्षें. बाजारांत ज्यास कोणी विचारीत नाहीं अशा वीस किलो सुट्या मण्यांपासून पांच किलो बेदाणा होतो, व तो पन्नास केकांस पुरतो. एवढे केक एका घरास वर्षांत लागत नाहींत. उरलेला बेदाणा मुलांच्या डब्यांत, शिऱ्यांत व खिरींत जाईल, आणि तेथेंही तितकी साखर वांचेल. त्यानें बागेचा खर्च भरून निघणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु वर्षभर खपून पिकविलेल्या मालाचा चांगला अंश आपल्याच मुलांच्या ताटांत पडावा, ही अपेक्षा कांहीं मोठी नाहीं. या हंगामीं प्रथम पांच किलो मणी वाळवून पाहावे, व आपल्या पिठास पाणी किती लागलें आणि केक किती वेळांत भाजला हें लिहून ठेवावें. दळणाचा बारीकपणा घरोघर निराळा असल्यामुळें पाण्याचें प्रमाण दोन-चार चमचे कमीअधिक करावें लागेल. ज्यांनीं प्रयोग केला असेल त्यांनीं आपला अनुभव कळविल्यास तो पुढील अंकीं इतर सभासदांच्या उपयोगास पडेल.